एकोणतिसाचं तेरावं घर

एकोणतीसचा पाढा पाठ करायला माणसाला किती वेळ लागावा? मी शमिकाला सांगितलं होतं, एक दुपार. त्यातही मधे जेवून, थोडा पडून. ज्याने विहिरीत पडलेला मोबाईल उघडून, वाळवून, पुन्हा बोलता केला आहे, त्याला दहा ओळींचं काय एवढं? असं मी म्हणालो होतो. मोठ्याने म्हणालो होतो. आता आठवलं की कसंसंच होतं.

पाली बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखालची जागा. आत मी आणि टेबल आलटून पालटून मावतो. शमिका समोरच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. तिचा फोन चार्ज होईना म्हणून ती आली. मी पाहिलं तर चार्जिंगच्या भोकात कापूस अडकलेला. सुईने काढायला एक क्षण पुरला असता. मी तो फोन आठवडाभर ठेवून घेतला आणि रोज तिला सांगत राहिलो की पार्ट कोल्हापूरहून यायचा आहे. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. कापूस गेला, आम्ही अडकलो.

अडचण एकच होती. तिचे आजोबा.

गंगाराम गुरुजी म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त न झालेले गृहस्थ. शमिकाची आई ती लहान असतानाच गेली, वडील अनिलराव मुंबईत नोकरीला, त्यामुळे तिला वाढवलं ते गुरुजींनी. साहजिकच तिच्या लग्नात शेवटचा शब्द त्यांचा. पहिला आणि मधलाही त्यांचाच. आणि घरात जावई व्हायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारत. पगार नाही, जमीन नाही, पत्रिका नाही. पाढा.

"पुण्याचा एक इंजिनीयर आला होता," शमिका म्हणाली. "त्याने खिशातून फोन काढला. आजोबांनी त्याला चहासुद्धा दिला नाही."

"म्हणजे मला परीक्षा द्यायची?"

"तोंडी."

"लेखी नाही ना? मग झालंच."

"हितेश, ते एकोणतीसचाच विचारतात. तीसचा म्हणजे तिनाचाच, शून्य लावून नटवलेला, असं म्हणतात. एकोणतिसात माणसाला लपायला जागा नसते म्हणे."

मग तिने मला युक्ती सांगितली. तीसचा पाढा म्हणायचा आणि प्रत्येक घरातून त्या घराच्या नंबराएवढे काढून टाकायचे. तीस दुणे साठ, त्यातून दोन गेले, अठ्ठावन्न. तीस त्रिक नव्वद, तीन गेले, सत्त्याऐंशी. "शांत बसून चारदा म्हटलास की येतो," ती म्हणाली.

त्यातलं 'शांत बसून' एवढं मी नीट ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला लग्नाची पत्रिका आली असती.

मी लगेच सराव सुरू केला. एके, दुणे, त्रिक, चोक, एकशे सोळापर्यंत मी हायवेवरून जावं तसा जायचो. एकशे सोळाच्या पुढे रेंज जायची. तीसमधून वजा करायला गेलो की तीसही विसरायचो. दुकानात स्क्रू काढताना, गाडी चालवताना, दात घासताना, सगळीकडे मी पाढा पुटपुटत होतो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "माझा फोन कधी मिळेल?" मी म्हणालो, "सत्त्याऐंशी." तो बिचारा निघून गेला, तो अजून आलेला नाही. फोन माझ्याकडेच आहे.

घरी आईने विचारलं, "आमटीत मीठ हाय ना रे?"

"एकशे चौऱ्याहत्तर."

आईने माझ्याकडे बघितलं, आमटीकडे बघितलं आणि त्या दिवसापासून मीठ कमी टाकायला लागली.

शेवटी मी निलेशकडे गेलो. माझी सगळी दुर्दशा निलेशकडे गेल्यावर सुरू होते हे मला माहीत आहे, पण पालीत दुसरं जायचं कुठे? निलेश दिवसा सहा आसनी रिक्षा चालवतो आणि संध्याकाळी तो आमच्या वाडीच्या जाखडीचा बुवा असतो. ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गणपतीत हा नाच असतो. मधे बुवा आणि ढोलकीवाला बसतात, भोवती बाकीचे एका पायात चाळ बांधून गोल फिरतात. बुवाने ओळ म्हटली की गोलातल्यांनी ती उचलून पुन्हा म्हणायची. ह्यात दोन पक्ष, शक्तीवाले आणि तुरेवाले. समोरासमोर आले की सवाल-जवाब झडतो. सवालाचं उत्तर नाही आलं तर समोरचा हरला, आलं तर उलटा सवाल, आणि शेवटच्या सवालाचंही उत्तर आलं तर तो घालणारा हरला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शक्तीवाले. का, ते कोणालाच सांगता येत नाही, पण तुरेवाला दिसला की आमच्या वाडीतलं तान्हं पोरही तोंड फिरवतं.

निलेशने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझी गेल्या वर्षीची गवळण तुला येते?"

"सगळी."

"पाठ कधी केलीस?"

"केली कुठे? नाचता नाचता झाली."

"मंग? पाढ्याला चाल नाय, म्हणून तुझं अडलंय. उठ."

हे इतकं पटण्यासारखं होतं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

देवळाच्या सभामंडपात गणपतीची तालीम चालू होतीच. भिवाने ढोलकीवर थाप मारली. निलेशने हात कानाला लावला आणि एकोणतीसचा पाढा, जो शेकडो वर्षं शाळांच्या भिंतींना टेकून मुकाट्याने उभा होता, तो उचलून रिंगणात घातला. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न गो," असं तो म्हणाला की आम्ही पाय आपटून "अठ्ठावन्न गो, अठ्ठावन्न" म्हणायचो. वाडीतल्या केरूकाकांचं वय झालं आहे, गुडघे गेले आहेत, पण पंचेला ते अशी गिरकी घ्यायचे की एकशे पंचेचाळीस मी जन्मात विसरणार नाही.

एकाच संध्याकाळी पाढा आला. रेंजच काय, टॉवरच माझ्या डोक्यात उभा राहिला.

फक्त शेवटी निलेशने आणखी दोन ओळी जोडल्या.

"दाहे दोनशे नव्वद झाले, ही शक्तीची वाणी,
निलेश बुवा पाजतो आता तुरेवाल्यांना पाणी."

"पाढ्यात हे कशाला?" मी विचारलं.

"बुवाच्या नावाशिवाय गाणं म्हणजे सिमशिवाय फोन. आणि समोरच्याला टोला हाणल्याशिवाय ते संपतच नाय. रीत हाय ती."

रीत आहे म्हटल्यावर मी त्या ओळीही पाठ केल्या. पाढा मला आता दुपारच्या झोपेतसुद्धा यायला लागला. आई म्हणाली, झोपेत मी भिंतीला लाथा मारतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला पाढा येतो खरा, पण उजवा पाय आपटल्याशिवाय दुणे तोंडातून बाहेर पडत नाही. पाय धरून ठेवला की मी एकोणतीसवरच उभा.

त्याच दिवशी शमिकाचा फोन आला. "आला का पाढा?"

"झोपेत पण येतो."

"शांत बसून येतो ना?"

"हो," मी म्हणालो.

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो आहे. कोल्हापूरच्या पार्टबद्दल तर मला काहीच वाटत नाही. पण ह्या एका 'हो'बद्दल मला अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे सोयरीक ठरवायला वाडीतली चार माणसं न्यावी लागतात. एकट्याने गेलेल्या मुलाला कोणी हुंगत नाही. वडील माझेही मुंबईला, त्यांना रजा मिळेना. वाडीतली निम्मी माणसं मुंबईत आहेत आणि उरलेली जाखडीत. तेव्हा चार माणसं म्हणजे आई, निलेश, भिवा आणि वाडीतर्फे बोलायला केरूकाका. गाडी निलेशचीच. शमिकाचं गाव नाट्याच्या अलीकडे, म्हणजे लांबचा पल्ला; नोकरीपुरती ती पालीत खोली घेऊन राहायची. वाटेत सराव म्हणून आम्ही पाढा म्हणत गेलो. आडिवऱ्याला एका म्हातारीने हे कुठल्या देवाच्या भजनाला निघालात असं विचारलं.

गुरुजींचं घर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की मी चप्पल काढल्यावर पायही काढून ठेवावेत असं वाटलं. आणि तसं केलं असतं तर बरंच झालं असतं. गुरुजी ओसरीवर मधोमध खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, हात मांडीवर. अनिलराव मुंबईहून व्हिडिओ कॉलवर हजर होते. त्यांचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. तिथे नेटवर्क असं होतं की त्यांचा आवाज ओठ हलून झाल्यावर सावकाश यायचा. शमिका आतल्या दारात उभी होती. तिने निळी साडी नेसली होती आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. तेवढ्यावर मी डोंगर उचलला असता.

"चहा नंतर," गुरुजी म्हणाले. "आधी मुलगा. एकोणतीसचा म्हण. बसूनच म्हण."

मी खुर्चीखाली अंगठा हलवायचा असं ठरवून आलो होतो.

"एकोणतीस एके एकोणतीस," मी म्हणालो. सरळ, सपाट आवाजात. गुरुजींनी मान डोलावली.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न गो, अठ्ठावन्न," केरूकाका म्हणाले.

ते डोळे मिटून सुपारी चघळत होते. गुरुजींनी त्यांच्याकडे सावकाश मान वळवली. "ह्यांचंही लग्न जमवायचंय का?"

"नाय वो गुरुजी," केरूकाका दचकून म्हणाले, "माझा झालाय. सवय हो, दुसरा काय नाय."

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी," मी घाईने पुढे गेलो. आता पाठीमागून काहीतरी वाजायला लागलं. भिवाने प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं टाकली होती. त्याचा दोष नाही. ढोलकीवाल्यासमोर ठेका धरून बोलणं म्हणजे मांजरासमोर बांगडा हलवणं. चोकला माझी टाच उचलली गेली. पंचेला केरूकाका उठले. पंचे आली आणि ते बसून राहिले असं कधी झालेलंच नाही. सकला निलेशचा हात कानावर गेला. सातीला मी उभा होतो. आठीला आम्ही चौघं गोल फिरत होतो आणि मधोमध, जिथे बुवा बसतो तिथे, गुरुजी बसले होते. आई टाळ्या देत होती. तिला वाटलं, कार्यक्रम असाच असतो.

नव्वे दोनशे एकसष्ट. दाहे दोनशे नव्वद.

एकही घर चुकलं नव्हतं. मला आजही स्पष्ट आठवतंय, गुरुजींचा चेहरा सैल झाला, त्यांनी काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडलं. इथे थांबायचं होतं. पण गाणं जिथे संपतं तिथेच माणूस थांबतो.

"ही शक्तीची वाणी, निलेश बुवा पाजतो आता तुरेवाल्यांना पाणी!"

आमचे पाय थांबले. आणि तांब्याला टेकलेल्या फोनमधून, मुंबईहून अनिलरावांचा एकट्याचा आवाज आला, "...तुरेवाल्यांना पाणी." बिचारे मघापासून आमच्यामागून साथ देत होते.

गुरुजींच्या डोक्यावर भिंतीवर एक जुना फोटो होता. आल्यापासून मी स्वतःच्या पायाकडेच बघत असल्यामुळे तो पाहिला नव्हता. फोटोत मिशा काळ्या होत्या, हातात ढोलकी होती, आणि फेट्यावर तुरा होता. खाली लिहिलं होतं, 'तुरेवाले शाहीर गंगाराम'.

"कोणाला पाणी?" गुरुजींनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. शाळेत ह्या आवाजानंतर काय व्हायचं ते मला माहीत होतं.

"गुरुजी, ते पाढ्यातच आहे," मी म्हणालो.

"माझ्या पाढ्यात नव्हतं. शमिका, माळ्यावरची ढोलकी काढ."

इथून पुढे माझं लग्न बाजूला पडलं. गुरुजींनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. शेजारच्या कुणीतरी ढोलकी ऐकली, त्याने दुसऱ्याला हाक मारली, आणि बघता बघता अंगण भरलं. सगळी वाडी तुरेवाल्यांची. आम्ही चार माणसं आणि आई. आईने पदर खोचला होता, पण ती नेमकी कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं.

गुरुजींनी पहिला सवाल घातला. "एकोणतिसाच्या घरी राहतो, आठाच्या घरी जेवतो, शेकड्याच्या दोन वेशी ओलांडून येतो, सांगा बुवा, पाहुणा कोण?"

निलेशने माझ्याकडे बघितलं. मी एका दमात सगळं रिंगण धावून आठीला पोचलो आणि त्याच्या कानात सांगितलं. "दोनशे बत्तीस," निलेश गर्जला.

मग निलेशचा सवाल. "साताचाही नातू, तेराचाही नातू, शंभरी काही गाठत नाही, तो कोण?"

गुरुजींनी डोळेही हलवले नाहीत. "एक्याण्णव. हे मी दुसरीच्या मुलांना विचारायचो."

अंगणात हशा पिकला. गुरुजी रंगात आले. "सतराच्या घरचा, तिनाचा भाचा, पन्नाशी नुकतीच ओलांडली, तो कोण?"

केरूकाकांनी हात वर केला. "मीच तो. पन्नाशी ओलांडलेय, पन आमच्या घरात माणसा सतरा नाय वो. अकराच."

"एक्कावन्न," निलेश ओरडला, आणि ते उत्तरही बरोबर होतं, हे कोणाच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला.

असं चालू राहिलं. इकडचा सवाल तिकडे फुटायचा, तिकडचा इकडे. कोणी हरेना. गुरुजींच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत चमक. खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागले होते. शेवटी त्यांनी ढोलकी खाली ठेवली. "एक घोट चहा. मग शेवटचा सवाल. त्याचं उत्तर फक्त मुलाने द्यायचं. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही."

मी हात धुवायला मागच्या दारी गेलो. शमिका तांब्या घेऊन आली.

"काय केलंस हे?"

"पाढा म्हटला."

"बरोबर म्हटलास, ते ऐकलं. आता माझं ऐक." ती माझ्या हातावर पाणी ओतत होती आणि पाणी संपलं तरी ओततच होती. "ह्या अंगणात आजोबा कधी हरलेले नाहीत. आज सगळ्या वाडीसमोर हरले, तर ते तुझ्याशी सोड, माझ्याशीही बोलणार नाहीत. जिंकले तर स्वतःच्या हाताने तुला पेढा भरवतील. मी त्यांना ओळखते. ते दहाच्या पुढचं घर विचारणार, तुला येणारच नाही असं. त्यांनाही तू आवडलायस रे. त्यांना फक्त जिंकायचंय. तू चुक."

"एवढंच?"

"एवढंच. कुठलाही आकडा बोल."

"शमिका," मी म्हणालो, "चुकायला मला तयारी लागत नाही."

ती हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकमेव हसणं.

मी ओसरीवर आलो तेव्हा गुरुजींनी पेढ्यांचा बॉक्स उघडून मांडीवर ठेवला होता. एक पेढा बोटांत धरलेलाही होता. सगळं कसं ठरल्यासारखं होतं. निलेशला मी डोळ्याने खूण केली. त्याला वाटलं मी घाबरलो, त्याने मूठ वळून दाखवली.

"एकोणतिसाच्या पाढ्याला घरं दहा," गुरुजी म्हणाले. ते आता गात नव्हते, जवळजवळ समजावून सांगत होते. "पण वाडी वाढली. तेरावं घर बांधलं. सांग मुला, त्या तेराव्या घरात कोण राहतं?"

मला येत नव्हतं. म्हणजे निम्मं काम झालेलं होतं. आता फक्त आकडा बोलायचा. पण कुठला? फार वेडावाकडा बोललो, पाच वगैरे, तर गुरुजींना कळलं असतं की मी मुद्दाम हरतोय, आणि मुद्दाम दिलेली जीत त्यांनी घेतली नसती. आकडा चुकीचा पण सभ्य हवा होता. चार लोकांत उभा राहू शकेल असा. मी इकडेतिकडे बघितलं. अंगणाच्या कडेला, माणसांच्या डोक्यांमधून, निलेशची गाडी उभी होती. पुढची नंबरप्लेट दिसत होती. एमएच शून्य आठ, मग दोन अक्षरं, मग शून्य तीन सात सात.

मी मान खाली घातली. आवाजात थोडी हार मिसळली. "तीनशे सत्त्याहत्तर," मी म्हणालो, आणि पेढ्यासाठी तोंड किंचित उघडं ठेवलं.

पेढा आला नाही.

मी वर बघितलं. गुरुजी माझ्याकडे बघत होते. अंगणातले म्हातारे बोटांवर हिशेब करत होते. एकाचा झाला, त्याने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, आणि ती कुजबूज अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. गुरुजींनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला, त्यावर कागद नीट पसरला आणि झाकण लावलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मग जे झालं ते मी थांबवू शकलो नाही. निलेशने मला खांद्यावर घेतलं. भिवाने गुरुजींचीच ढोलकी उचलली. केरूकाकांनी गिरकी घेतली. जिंकलेल्या पक्षाने फेर धरायचा अशी रीत आहे, तो त्यांनी धरला. खांद्यावरून मला आतलं दार दिसत होतं. तिथे आता कोणी नव्हतं. फोनमधून अनिलराव विचारत होते, "काय झालं? जिंकले का बाबा?"

फेर संपल्यावर केरूकाकांना वाडीतर्फे बोलायची आठवण झाली. "मंग गुरुजी, पोरगा पसंत हाय ना?"

"मुलगा हुशार आहे," गुरुजी उठत म्हणाले. "इतका हुशार आमच्या घराला झेपायचा नाही. चहा घेऊन जा."

परत येताना गाडीत तिघे गात होते. निलेश म्हणाला, "तेरावं घर! मेल्या, मला पन येत नव्हता. तुला कसा आला?"

मी त्याला नंबरप्लेटचं सांगितलं. त्याने गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं, ह्याला वाईट वाटलं. मग म्हणाला, "म्हंजे जिंकलो तो माझ्या गाडीमुळे."

"सोयरीक मोडली रे निलेश."

"पोरी काय, दुसऱ्या भेटतील," केरूकाका मागून म्हणाले. "तुरेवाल्यांच्या अंगणात शक्तीचा झेंडा लावलास बाबा. वाडी नाव काढील."

आई बाहेर बघत होती. पावस मागे पडल्यावर ती म्हणाली, "पोरगी चांगली होती रे. पाणी देताना हात धरून दिलान मला." एवढंच बोलली. वाडीने खरोखरच नाव काढलं. गणपतीत माझा सत्कार झाला, नारळ दिला. तो नारळ मी फोडलेला नाही.

शमिकाला मी खूप फोन केले. ती उचलायची नाही. लॅबमधली नोकरीही तिने सोडली होती. मग गणपती जाऊन बरेच दिवस झाल्यावर एके सकाळी ती जिन्याखाली येऊन उभी राहिली. फोन टेबलावर ठेवला. "स्क्रीनगार्ड बदलायचाय."

मी काच पुसायला घेतली. "आजोबा कसे आहेत?"

"आता बोलतात. आधी नव्हते बोलत. जेवायलाही माझ्या हातचं घेत नव्हते. मी भांडले, रडले, मग मीही बोलायची थांबले. घरात दोघंच माणसं आणि एकमेकांना भिंतीकडे बघून सांगायचो, मीठ दे, दिवा लाव." तिने टेबलावरचा एक स्क्रू बाजूला सरकवला. "माझं ठरलं."

"कोण?"

"पोफळीला असतो. वीज प्रकल्पाच्या कॉलनीत."

"पाढा विचारला?"

"विचारला. तो दुणेलाच एकोणसाठ म्हणाला. आजोबांनी त्याला समोर बसवून तासभर तीसमधून वजा करायला शिकवलं. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं."

"तू सांगितलं होतंस त्याला, चुक म्हणून?"

"नाही. तो आपणहून चुकला." मग हळूच म्हणाली, "स्वभावाने बरा आहे."

मी स्क्रीनगार्डचा कागद सोलत होतो. खूप वेळ सोलत होतो. "शमिका, मी चुकलोच होतो. तुझी शपथ. मी नंबरप्लेट बघून बोललो. ते नेमकं बरोबर निघालं."

ती माझ्याकडे बघत राहिली. कोल्हापूरचा पार्ट अजून आला नाही असं सांगितल्यावर पूर्वी बघायची तशीच. विश्वास ठेवावा की नाही ते तिला कळत नव्हतं, आणि दोन्हींतलं काय जास्त वाईट आहे ते मलाही कळत नव्हतं.

मी गार्ड चिकटवला. हजारो लावले असतील. डोळे मिटून लावतो. त्या दिवशी मधोमध एक भला मोठा बुडबुडा राहिला. कार्डाने दाबला तर तो सरकून कोपऱ्यात गेला आणि तिथे दोन झाले.

शमिकाने फोन उचलून उजेडात धरला.

"चुकलंय," ती म्हणाली.

"हो. काढून दुसरा लावतो."

"राहू दे." तिने फोन पर्समध्ये टाकला. "हे त्या दिवशी करायचंस."